फक्त तेल बघतोय

गल्लीतली मंडळी सकाळचा चहा पीत होती, तेव्हा मी आमच्या घरासमोरच्या रस्त्यावरून उलटा चालत होतो. तोंड गाडीकडे, पाठ रस्त्याकडे, दोन्ही हात गाडीच्या नाकावर टेकलेले, आणि उजव्या मुठीत गिअरबॉक्सचं तेल बघायची लांब पट्टी. बॉनेट उघडं, इंजिन चालू, गाडीत माणूस नाही. आणि गाडी आपली निवांत, पोळ्याला सजवलेल्या म्हाताऱ्या बैलाच्या चालीनं, मला ढकलत पुढं निघालेली.

बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस गाडीची समजूत काढतोय. खरं म्हणजे काढतच होतो. "थांब गं बाई, थांब," असं मी म्हणत होतो, हे समोरचा टपरीवाला आजही शपथेवर सांगतो. शेवटी शेजाऱ्यांच्या बांधकामाच्या वाळूचा ढीग माझ्या पोटऱ्यांना लागला, मी बाजूला कलंडलो, आणि गाडी वाळूत नाक खुपसून घुमत उभी राहिली.

गच्चीवर दिवाळीच्या भाजणीचं धान्य वाळत घालणारी माझी बायको, मंगल, कठड्यावरून वाकली.

"अहो, काय चाललंय?"

मी वाळूत बसल्या बसल्याच पट्टी वर करून दाखवली. "काही नाही. फक्त तेल बघतोय."

यात शरमेची गोष्ट अशी, की मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मिस्त्री आहे. जालना रोडच्या आतल्या अंगाला माझं गॅरेज आहे. तिथल्या भिंतीवर मीच लाल रंगानं लिहिलंय: 'उतरताना दांडी पी वर, हँडब्रेक ओढलेला, मगच पाय खाली.' पी म्हणजे पार्किंग. या पाटीखाली उभं राहून मी कैक गिऱ्हाइकांना, त्यांचं वय, हुद्दा न बघता झापलंय.

झालं असं. या गिअरबॉक्सचं तेल बघायचं तर इंजिन गरम आणि चालू लागतं. ब्रेकवर पाय ठेवून दांडी एकदा सगळ्या गिअरांतून फिरवायची, परत पी वर आणायची, उतरायचं आणि पट्टी काढायची. मी दांडी फिरवली. परत येताना डी वर, म्हणजे पुढं जायच्या गिअरवर होतो, तेवढ्यात फोन वाजला. फोन ज्यांचा होता त्यांना मी टाळत होतो. त्या गडबडीत दांडी राहिली डी वर, हँडब्रेक अर्धवट ओढला आणि उतरलो. त्या हँडब्रेकची तार ढिली आहे, असं मंगल कधीपासून सांगत होती. मिस्त्रीच्या बायकोची गाडी सगळ्यात शेवटी दुरुस्त होते, हे तर तुम्हाला माहीतच असेल. तर पट्टी काढली, रेडिएटरचा पंखा लागला, इंजिनानं जरा जोर धरला, आणि बाई निघाल्या.

गाडी मंगलची होती. आणि मी तेल का बघत होतो, हे मंगलला अजिबात कळू द्यायचं नव्हतं. ते का, हे सांगायचं तर आधी हा गिअरबॉक्स म्हणजे काय प्रकरण आहे ते थोडं सांगायला हवं. घाबरू नका, सोपं आहे.

घरात एक टेबलफॅन चालू करा आणि त्याच्यासमोर दुसरा, बंद असलेला, ठेवा. पहिल्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याची पाती हळूहळू फिरायला लागतात. आता वाऱ्याच्या जागी तेल आहे असं समजा. एक पंखा इंजिनाचा, दुसरा चाकांकडं जाणारा. मध्ये ना क्लच, ना दांडा. म्हणून तर ब्रेकवरचा पाय काढला की ऑटोमॅटिक गाडी आपोआप रांगायला लागते, कधी कधी मिस्त्रीला पुढं घालून. त्यापुढचा कारभारही तेलाचाच. एक पंप तेल दाबतो, ते आतल्या भुलभुलैयातून फिरतं, कुठल्या चकत्या आवळायच्या आणि कुठल्या सोडायच्या हे ठरवतं, आणि आपल्या नकळत गिअर पडतो.

मी ज्याच्या जिवावर संसार केला तो गिअरबॉक्स काही फार पराक्रमी नाही. चार गिअरचा, हलक्या गाड्यांना पेलवेल एवढाच. पण एका कारखान्यात जन्मून तो कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत गेला. छोट्या गाडीत तोच, लांब डिकीच्या गाडीत तोच. वरचं नाव वेगळं, कंपनीचा बिल्ला वेगळा, पण खालचं झाकण उघडलं की ओळखीचा चेहरा. मी म्हणतो, या सगळ्या एका माहेरच्या पोरी, आडनावं तेवढी सासरची.

गिऱ्हाइकाला हे रुचत नाही. एकदा एक लांब गाडीवाले साहेब आले. शेजारी एक छोटी गाडी उघडलेली होती. मी सहज म्हणून गेलो, की तुमचा आणि हिचा गिअरबॉक्स एकच. साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या गाडीत त्या डबीतला गिअरबॉक्स घातलाय?" मी म्हटलं, "असं का समजता? त्या डबीत तुमचा घातलाय." तेव्हा कुठं त्यांनी चहा घेतला.

आणखी एक गंमत. हा गिअरबॉक्स पुसायला सुती चिंधी चालत नाही. सुताचा एक धागा सुटला आणि तेलाच्या वाटेत अडकला, तर गाडी गिअर बदलायचं विसरते. त्याला लागतं नायलॉन. आणि नायलॉन कुठं मिळतं, तर मंगलच्या जुन्या साड्यांत. आमच्या गॅरेजात गुलाबी फुलांचा एक तुकडा बरीच वर्षं टिकला. शेजारच्या गाळ्यातले वायरिंगवाले सलीमभाई तो बघून म्हणायचे, "भाऊ, भाभी बाकी दूर बैठके बी काम पे नजर रखती तुमारे."

मंगलचं माहेर पाचोडचं. तिचा चुलतभाऊ बाळासाहेब, मोसंबीचा मोठा बागाईतदार, त्यानं हौसेनं ऑटोमॅटिक गाडी घेतली, गिअरबॉक्स हाच. ती एकदा बंद पडली, तर पठ्ठ्यानं ट्रॅक्टरच्या मागं साखळीनं बांधून, पुढची चाकं जमिनीवर ठेवून, पाचोडहून थेट माझ्या दारात आणली. वर म्हणतो, "दाजी, न्यूट्रलमधी टाकून आणली बरं का, काळजी नगं." आता तेल दाबणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे तेल बंद. चाकं फिरत राहिली आणि गिअरबॉक्स आतून कोरडा जळत आला, सगळी वाट. उघडला तर लोखंड निळं पडलेलं. बंद पडायचं मूळ कारण बॅटरीची सुटलेली वायर होती. तो गिअरबॉक्स मला वाचवता आला नाही. सासरवाडीचं काम, म्हणून रागावताही आलं नाही. आजही पाचोडला गेलो की बाळासाहेब चारचौघांत विचारतो, "दाजी, वायर टाइट हाय ना बघा जरा."

आता मंगलच्या गाडीकडं येतो. मंगलला गाडी शिकायची लई हौस. मीच शिकवायला बसलो आणि तिथंच चुकलं. क्लच सोडताना तिचा पाय थरथरायचा, क्रांती चौकात सिग्नलला गाडी बंद पडायची, मागचे हॉर्न वाजवायचे, आणि त्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं मी ओरडायचो. एक दिवस तिनं भर रस्त्यात गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, रिक्षाला हात केला आणि निघून गेली. त्यानंतर कित्येक दिवस ती खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाडी चालवणाऱ्या बायका बघायची. मला काही बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढं एका गिऱ्हाइकाच्या अंगणात धूळ खात पडलेली लांब डिकीची जुनी गाडी माझ्या हाती लागली. गिअरबॉक्स अर्थात हाच. मी तो स्वयंपाकघरातल्या परातीत सुटा करून मांडला, एकेक चकती बदलली आणि गाडी तिला दिली. डाव्या पायाला कामच नाही म्हटल्यावर मंगल अशी चालवायला लागली, की जन्मापासून चालवत असावी. पाचोडचा आठवडी बाजार, मैत्रिणी, भिशी, वेरूळ, सगळं तिचं तीच. या गिअरबॉक्सची एक खोड आहे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडी हलकेच खांदा मारते. बिघाड नाही तो, स्वभाव आहे. मंगल म्हणते, "शेजारी बसलेली बहीण कोपर मारती ना, तसं वाटतं." तिनं मला तो खांदा कधी काढू दिला नाही.

हे सगळं लक्षात ठेवा, कारण आता शाहिदा आपा येतात.

शाहिदा आपा दौलताबादच्या. किल्ल्याच्या पायथ्याला त्यांची सीताफळाची बाग. शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. बोलतात अगदी पुस्तकी मराठी, पण चिडल्या की तडक दखनी उर्दूत येतात. लहानपणापासून डावा पाय अधू, त्याला लोखंडी पट्ट्यांचा बूट. त्यामुळं क्लचची गाडी त्यांना जमणारच नव्हती. त्यांच्याकडं छोटी ऑटोमॅटिक गाडी होती. हंगामात फळ उतरवून त्या स्वतः गाडीत टोपल्या भरणार आणि स्वतः शहरात ठरलेल्या घरांना, दुकानांना पोचवणार. सीताफळाचे डोळे उघडले, म्हणजे वरच्या भेगा पांढरट दिसायला लागल्या, की ते कुणाची वाट बघत नाही. आज उतरवायचं, लगेच पोचवायचं, नाहीतर फुटायचं.

यंदा हंगामाच्या तोंडावरच आपांचा फोन आला. "दत्ताभाऊ, गाडी पुढं जायचंच नाव घेत नाही. मागं मात्र उत्तम जाते."

"मग आता कुठं आहात?"

"मोठ्या रस्त्याला. बागेतून उलटीच घेऊन आले."

बागेचा चढ, अरुंद वाट आणि आपा मान मागं वळवून गाडी उलटी चढवतायत. हे ज्यांनी पाहिलं ते मला धन्य वाटतात. आणि आपांनी गाडी ओढून नाही, तर नीट टेम्पोवर चढवून पाठवली. "तुम्ही सांगितलं होतं ना, ओढायची नाही." मला तेव्हा बाळासाहेबची फार आठवण झाली.

गिअरबॉक्स उघडला. आत एक पोलादी ड्रम असतो, छोट्या पातेल्यासारखा. पुढं जायच्या चकत्या त्यात बसतात. त्या ड्रमलाच चीर गेली होती. तेल तिथून निसटणार, चकत्या आवळल्या जाणार नाहीत, इंजिन ओरडेल आणि गाडी जागेवर. चकत्या नव्या मिळतात. ड्रम मिळत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं बिचाऱ्यानं मनापासून शोधलं आणि म्हणाला, "काका, हे येणं बंद झालंय. आम्ही तर आता गाडीच बदला म्हणतो." मी भंगारवाल्यांकडं गेलो, पुण्यामुंबईच्या ओळखीच्या मिस्त्र्यांना फोन केले. सगळीकडं एकच, की गाड्या वजनावर गेल्या, कापल्या, वितळल्या. ज्या गिअरबॉक्सला कधी गल्लोगल्ली बहिणी होत्या, त्याला आता एक सापडेना. मला तेव्हा जरा एकटं वाटलं. नव्या गाड्यांचे नवे गिअरबॉक्स आलेत, ते उघडायचे नसतात, म्हणे, थेट बदलायचे.

तिकडं आपांचा भाचा इरफान. पोरगा वाईट नाही. शहरात नोकरी करतो, मावशीची काळजी करतो. पण काळजी करायची त्याची पद्धत म्हणजे मावशीला घरात बसवायची. गाडी बंद पडल्यावर त्याला मुद्दाच सापडला. "खालाजान, अब बस हो गया. बाग मक्त्यानं देऊन टाका, व्यापारी येऊन तोडून नेईल, तुम्ही आराम करा." व्यापारी कधी येणार तेही त्यानं ठरवून टाकलं. आपा मला फोनवर म्हणाल्या, "आज बाग घेतील, उद्या किल्ल्या घेतील, मग मी खिडकीत बसून किल्ला बघायचा. मेरेकू बिठाने की इत्ती कायकू जल्दी है इनको? दत्ताभाऊ, व्यापारी येण्याआधी काही होईल का?"

आता सगळ्या गावात शाबूत ड्रम असलेला एक गिअरबॉक्स मला माहीत होता. तो रोज रात्री माझ्याच दारात उभा असायचा, मंगलच्या गाडीत.

सलीमभाईंना हे पहिल्या दिवशीच सुचलं. "भाऊ, भाभी की गाडी में बी तो येईच डब्बा हैना?"

मी म्हटलं, "सलीमभाई, हळू बोला."

"मैं तो हळूच बोलतूं. सोच तुमारी जोर से सुनाई देरी."

तेव्हापासून माझं घरातलं वागणं बदललं. मी आपणहून चहा करून द्यायला लागलो. गोड खायला इमरती आणली. मंगलच्या माहेरची चौकशी केली, बाळासाहेबची सुद्धा. मंगल एकदा चमचा हातात धरून माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला काय डॉक्टरनं सांगितलंय का काही? मला खरं सांगा."

सांगायचं कसं? त्या गाडीशिवाय तिला मी पुन्हा खिडकीत बसलेली बघायची? आणि न सांगावं, तर तिकडं आपा खिडकीत. शेवटी ठरवलं, की आधी निदान तेल तरी बघू. या गिअरबॉक्सचं तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल असलं, तर आतलं सगळं धडधाकट. काळं आणि करपट वासाचं असलं, तर विषयच मिटला. माझी इच्छा काय होती? ते काळं निघावं अशीच होती. त्या सकाळी मी पट्टी काढली, फोन वाजत होता, फोन आपांचा होता, आणि तेल लालभडक होतं. पुढचं वाळूपर्यंतचं तुम्ही वाचलंच आहे.

मंगल तेव्हा परत धान्याकडं वळली. दुपारी डबा द्यायच्या निमित्तानं ती स्वतः गाडी घेऊन गॅरेजात आली. नेमक्या तेव्हाच आपाही आल्या होत्या, बसनं, काठी टेकत, एका हातात सीताफळाची टोपली घेऊन. दोघींची माझ्यामुळं नावानं ओळख होती, भेट पहिलीच. मंगलनं त्यांच्या बुटाकडं पाहिलं, बसच्या गर्दीनं चुरगळलेल्या ओढणीकडं पाहिलं, आणि म्हणाली, "आपा, बसनं कशाला जाता? मी सोडते की दौलताबादला. यायचंच असंल तर तुम्हीबी चला, मागं बसा." शेवटचं वाक्य मला होतं.

मी मागच्या सीटवर, मांडीवर टोपली. पुढं त्या दोघी. छावणी ओलांडून गाडी मोकळ्या रस्त्याला लागली. मंगलनं जरा वेग घेतला. पहिला, दुसरा, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडीनं खांदा मारला.

आपा बोलता बोलता थांबल्या.

पुढं एक ट्रक आडवा आला, वेग कमी झाला, परत वाढला. परत खांदा.

"मंगलबाई," आपा म्हणाल्या, "तुमची गाडी खांदा मारते."

"व्हय. लई दिवसांची सवय हाय तिला."

"माझीही मारते. अगदी अस्साच. दूसरे में से तीसरे में जाते वक्त."

मी टोपलीतल्या सीताफळांचे डोळे मोजायला घेतले. आरशात मंगलचे डोळे दिसले. ते रस्त्यावर नव्हते.

"अहो," ती म्हणाली, "सकाळी तुम्ही माझ्या गाडीत नक्की काय बघत होता?"

"तेल..."

"कशासाठी?"

मग मी सांगितलं. सगळं. ड्रम, चीर, वितळलेल्या गाड्या, लाल तेल. बाळासाहेबच्या गाडीतला ड्रम चालंल का, असं तिनं मध्येच विचारलं. मी म्हटलं, तो निळा पडला. "तरी त्याला सांगत होते, ओढू नको म्हणून," ती पुटपुटली. मी म्हटलं, तुझ्या गाडीतला ड्रम काढला तर आपांची गाडी उद्या चालेल आणि तुझी बंद पडेल, केव्हापर्यंत ते सांगता येत नाही. म्हणून बोललो नाही.

आपा ताठ बसल्या. "दत्ताभाऊ, नक्को. दुसऱ्या बाईची गाडी बंद पाडून मला माझी चालवायची नाही. मंगलबाई, हे माझ्या कानावर आलंच नाही असं समजा."

बागेपर्यंत फक्त गाडी बोलत होती, अधूनमधून, खांद्यानं.

बागेत इरफान उभा होता, आणि त्याच्याबरोबर मक्तेदार व्यापारी. ठरल्यापेक्षा आधीच आलेला. झाडांवर फळांचे डोळे उघडलेले. व्यापारी झाडं अशी बघत होता, जसा भंगारवाला गाडी बघतो. ती नजर मी ओळखतो.

मंगलनं गाडी थांबवली. दांडी पी वर. हँडब्रेक ओढला, दोन्ही हातांनी, कारण तार ढिली. माझ्याकडं एकदा बघून उतरली, फिरून आपांच्या बाजूला गेली आणि किल्ली त्यांच्या ओंजळीत ठेवली.

"त्यो ड्रम जिथं हाय तिथंच राहू द्या. तुम्ही गाडीच ठेवा की. हंगाम झाला की द्या परत."

मी मागच्या सीटवर टोपली घेऊन तसाच बसलो होतो. इतके दिवस माझ्या डोक्यात ड्रम काढायचा, ड्रम बसवायचा, एवढंच चाललेलं. गाडी उसनी देता येते, हे मला सुचलंच नव्हतं. गिअरबॉक्सवाल्याला गाडी म्हणजे गिअरबॉक्सवर घातलेलं झाकण वाटतं.

आपा म्हणाल्या, "अहो, अशी गाडी देतं का कुणी? आणि तुम्ही काय करणार?"

"मी क्लचवर रडलेली बाई हाय, आपा. खिडकीत बसून लोकांच्या गाड्या मोजल्यात मी. तुम्ही नका बसू." मग जरा आवाज चढवून, व्यापाऱ्याला ऐकू जाईल असा, "उद्या सकाळी आमच्याकडं पहिली टोपली आणा मात्र."

आपांनी ओढणी सावरली. इरफानकडं वळल्या. "बेटा, पाहुण्यांना चहा पाज. चाय पिलाके रवाना कर."

इरफान काही बोलणार होता, पण मावशी ड्रायव्हरच्या जागेवर बसली सुद्धा. बुटाचा पाय उचलून आत ठेवला, सीट पुढं ओढली, आरसा फिरवला. मग खिडकीतून मला म्हणाल्या, "दत्ताभाऊ, उतरा. माझ्या टोपल्यांना जागा लागेल." इरफान हसला. आणि खरं सांगतो, टोपल्या भरायला पहिला तोच धावला.

व्यापारी चहा पिऊन गेला. बाग मक्त्यानं गेली नाही. हंगामभर आपा मंगलची लांब डिकीची गाडी घेऊन शहरात येत होत्या आणि म्हणत होत्या, डिकी मोठी, टोपल्या जास्त, माझ्या गाडीपेक्षा हीच बरी. हंगाम संपत आला तेव्हा जालन्याच्या एका भंगारवाल्याचा फोन आला. कुठल्या तरी तिसऱ्याच कंपनीची, मी नावही विसरलो होतो अशी, गाडी कापायला आली होती. मी धावत गेलो, खालून झाकण उघडलं. तोच ओळखीचा चेहरा. ड्रम शाबूत. मी तो मंगलच्या साडीत गुंडाळून आणला. आता आपांची गाडी त्यांच्याकडं, मंगलची मंगलकडं. दोन्ही खांदा मारतात. हँडब्रेकची तार मी बदलली, कारण आता दोन बायका विचारतात.

पण त्या दिवसाचं राहिलंच. गाडी बागेत ठेवून मी आणि मंगल काळ्यापिवळ्या जीपनं परत निघालो. जीप गच्च भरलेली. मंगलच्या मांडीवर सीताफळांची पिशवी. बराच वेळ ती बाहेर बघत होती. मला वाटलं, आता गाडीचं मनाला लागलं असेल. मी विचारलं, "वाईट वाटतंय का?"

ती म्हणाली, "नाय. बरं झालं म्हणतेय, तुम्ही डॉक्टर झाला नाहीत."

"का?"

"शेजारणीला किडनी लागली असती, तर घरात कुणाची जुळती ते बघायला मी झोपल्यावर माझ्या पोटावर बॅटरीचा उजेड मारत बसला असता. आन् मी जागी होऊन विचारलं असतं, तर म्हणाला असता, काय नाय, फक्त तेल बघतोय."